न बसणाऱ्या बाईंची खुर्ची

सभेत प्रश्न विचारू नये, हे मीटरवाले नोकरीत असतानाच शिकले होते. साहेब विचारायचे, कोणाला काही शंका? ज्याला शंका असायची त्याच्याकडे चढावरच्या वस्तीतले मीटर जायचे. त्यामुळे पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचण्यात सगळी नोकरी गेली, तरी त्यांनी एकही शंका काढली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस जरा ढिला पडतो.

चर्चच्या कमिटीची सभा होती आणि विषय होता किल्लीबाईंचा निरोप. किल्लीबाई म्हणजे चर्चच्या सगळ्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात त्या बाई. पगार नाही, पद नाही. दार उघडायचं, बाक पुसायचे, खिडक्यांच्या कड्या लावायच्या, कोणाची छत्री राहिली तर ती जपून ठेवायची, हे सगळं त्या किती वर्षं करत होत्या यावर सभेत बराच वाद झाला आणि तो मिटला नाही, कारण उपस्थितांपैकी कोणीच त्यांच्या आधीचं चर्च पाहिलेलं नव्हतं. आता गुडघे ऐकत नाहीत, महिन्याच्या शेवटच्या रविवारी किल्ल्या परत देते, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं होतं. त्यांना काहीतरी भेट द्यावी आणि ती शेवटपर्यंत गुप्त ठेवावी, असं ठरलं.

काय द्यावं? चिटणीस म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ. कोणी म्हणालं, थर्मास. आणि इथे मीटरवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाईंना कोणी कधी बसलेलं पाहिलंय का?"

लोक आठवू लागले. उपासना चालू असताना बाई दाराशी उभ्या. लग्नात उभ्या. मयताला उभ्या. चहाच्या वेळी तर सगळ्यांना कप देत उभ्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली.

"चांगला मुद्दा आहे," चिटणीस म्हणाले. "मग हे काम तुम्हीच बघा."

घरी येताना मीटरवाले स्वतःवर चिडले होते. पण प्रश्न त्यांचा नव्हताच, बायकोचा होता. दर रविवारी चर्चमधून घरी येताना ती एक वाक्य बोलायची, "या बाईला एकदा खाली बसवायला पाहिजे." ती बोलायची, हे हूं म्हणायचे, आणि तेवढ्यात घर यायचं. गेल्या वर्षी ती गेली. तिची बाकीची कामं तिने स्वतःच उरकली होती, कपाट लावून ठेवलं होतं, मुलीला सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. हे एवढंच राहिलं होतं. मीटरवाल्यांनी ठरवलं, खुर्ची द्यायची. हाताची, पाठीची, चांगल्या लाकडाची. आणि बाईंना तिच्यावर बसवायचं.

सुतार ओळखीचा होता. कामाला चोख, पण वेळेच्या बाबतीत कोणालाही कधी न सापडलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माणूस आणा."

"कशाला?"

"बसलेलं बघायला. बसलेलं माणूस बघितल्याशिवाय मी खुर्ची करत नाही. गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, पाठ कुठे टेकते, कोपर कुठे येतं. खुर्ची म्हणजे काय पाट आहे?"

"त्या बसत नाहीत."

"मग खुर्ची कशाला?"

याचं उत्तर सुताराला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी तो एवढ्यावर राजी झाला की बसलेलं माणूस नाही तर नाही, माप तरी आणा.

मीटरवाल्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरात शिरून आकडे टिपून आणले होते. त्यांना हे काम सोपं वाटलं. बाईंना कुठेतरी बसलेलं गाठायचं, नजरेने माप घ्यायचं, झालं. मग ते बाईंच्या मागावर राहू लागले. बसथांब्यावर बाकावर जागा होती, बाई उभ्या. बस आली तर त्या चढल्याच नाहीत, एका म्हाताऱ्याला चढवून देऊन चालत निघून गेल्या. दवाखान्यात गुडघे दाखवायला आल्या होत्या, तिथेही उभ्या, आणि वर दुसऱ्या कोणाचं तान्हं मूल कडेवर. मीटरवाले कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उलटं नव्हतं, पण आठवड्यापूर्वीचं होतं, असं नर्सने त्यांच्या लक्षात आणून दिलं.

शेवटी ते सरळ बाईंच्या घरी गेले. कारण काढलं, तुमच्या नळाचा दाब कसा आहे ते बघून जातो. एक खोली, एक स्टोव्ह, भिंतीला टेकून एक खुर्ची. ती खुर्ची बाईंनी मीटरवाल्यांपुढे सरकवली आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"बसा ना, बाई," मीटरवाले म्हणाले.

"तुम्ही बसलात की."

खुर्ची एकच होती, त्यामुळे यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. चहा पिता पिता त्यांनी धीर करून विचारलं, उपासनेत तरी का बसत नाही?

"दाराला कोण बघणार?" बाई म्हणाल्या. "रस्त्याचा आवाज येतो म्हणून ते लावून घ्यावं लागतं. आणि ते दार म्हणजे असं आहे भाऊ, नुसतं ढकललं की किंचाळतं. सगळे वळून बघतात. उशिरा आलेलं माणूस आधीच मेल्यासारखं झालेलं असतं. मी जरा उचलून उघडते, मग वाजत नाही."

मीटरवाल्यांना एकदम चहा गरम लागला. कारण त्या चर्चमध्ये दर रविवारी उशिरा येणारं जोडपं एकच होतं. घर सोडण्यापूर्वी घरातले सगळे नळ तीन वेळा बघायचे ही मीटरवाल्यांची सवय, आणि "अहो, चला आता" म्हणत बायको दारात. आता चला म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते चौथ्यांदा बघायचे. तरीही त्यांना कधी दार वाजलेलं ऐकू आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, दार चांगलं आहे.

माप मिळालं नाही ते नाहीच. मग त्यांना आपल्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी आठवल्या. किल्लीबाईंचे कपडे त्याच शिवत. मीटरवाले वर गेले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, किल्लीबाईंचं माप आहे का तुमच्याकडे?"

शिलाई मशीन थांबलं. वीज गेल्याशिवाय ते कधी थांबत नसे.

"कशाचं माप?"

"गुडघ्याचं," मीटरवाले म्हणाले. मग सुताराचं बोलणं आठवून पुढे म्हणाले, "आणि बैठकीचं."

वहिनींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. कशाला हवंय, असं त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी गुपित असल्यामुळे सांगता आलं नसतं. कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप तेवढं त्यांनी दिलं. बाकीच्याबद्दल म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा." मी कोणाला काही बोलणार नाही, असंही आपणहून सांगितलं. हे वाक्य वहिनी बोलल्या की इमारतीत बातमी पोचली असं समजायचं, हे मीटरवाल्यांना माहीत होतं. बातमी कसली, हे मात्र त्यांना कळेना.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जेवलात का, औषध घेतलं का, झालं. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, माझी काही हरकत नाही."

"कशाला?"

"कशालाच."

मीटरवाल्यांनी रात्रभर विचार केला. मुलीला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला हरकत असायची, ही एकदम कशालाच नाही म्हणते म्हणजे तिची तब्येत बरी नसावी.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. ते सहसा कोणी आजारी असल्याशिवाय येत नसत, त्यामुळे मीटरवाल्यांनी आधी स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं. पाळकसाहेबांनी स्वयंपाक कोण करतं ते विचारलं, संध्याकाळ कशी जाते ते विचारलं. एकटं राहणं अवघड असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, देव समजून घेतो, मंडळीही हळूहळू समजून घेईल, फक्त वर्ष पुरतं उलटू दिलं असतं तर बरं दिसलं असतं, असं ते बराच वेळ आडवळणाने बोलत राहिले. मीटरवाल्यांना उलगडा झाला तेव्हा त्यांचे कान गरम झाले. आयुष्यात त्यांच्यावर एकच आरोप झाला होता, एका घराचा मीटर न बघताच आकडा लिहिल्याचा, आणि तोही खोटा होता. त्याहून हे भारी होतं.

"मला त्यांना बसवायचंय, एवढंच," ते कसेबसे म्हणाले.

"तुमच्या घरी?"

"खुर्चीवर!"

सगळं ऐकल्यावर पाळकसाहेब हसले, इतके की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, खुर्ची चर्चमध्ये ठेवायची असेल तर चिटणिसांना भेटा, कारण नियम आहे.

नियम असा होता की चर्चमध्ये कोणतंही नवीन लाकडी सामान आणायचं तर सामान उपसमितीची मंजुरी लागते. उपसमितीत तिघे. एक चिटणीस. दुसरे गृहस्थ परगावी राहायला गेलेले, पण राजीनामा न दिल्यामुळे अजून समितीत असलेले. आणि तिसऱ्या किल्लीबाई.

"त्यांना विचारल्याशिवाय नाही का जमणार?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"मी एकटा म्हणजे समिती होत नाही," चिटणीस म्हणाले. "आणि तसंही त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही खुर्ची आत नेणार कशी? किल्ल्या कोणाकडे आहेत?"

हे खरं होतं. ज्या बाईंपासून गुपित ठेवायचं, त्यांच्याशिवाय त्या चर्चमध्ये पान हलत नव्हतं. समारंभाला जादा खुर्च्या कुठल्या खोलीत आहेत, बाईंना माहीत. माइक कुठे मारल्यावर चालू होतो, बाईंना माहीत. चहाची मोठी किटली बाईंकडे. निरोप त्यांचा, आणि सगळी तयारी त्यांनाच विचारून करायची.

मीटरवाले गेले. बाई बाक पुसत होत्या. एक खुर्ची द्यायची आहे, असं ते म्हणाले.

"द्या की. कोणासाठी?"

मीटरवाल्यांना खोटं बोलता येत नसे. बायको म्हणायची, तुम्ही खोटं बोललात की तुमचा गळा आधी कबूल करतो. त्यांनी आवंढा गिळला. जमिनीकडे पाहिलं. समोर त्यांचा नेहमीचा बाक होता, खिडकीजवळचा, तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते आता सांगता येत नाही, बाई."

किल्लीबाईंचा फडका थांबला. त्यांनी मीटरवाल्यांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं.

"नका सांगू, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "कळलं मला."

काय कळलं? मीटरवाले घरी येईपर्यंत हाच विचार करत होते. गुपित फुटलं असेल तर बाई इतक्या शांत कशा? स्वतःच्या निरोपाचं कळल्यावर माणूस नको नको तरी म्हणतो. त्यांनी नको म्हटलं नाही. वर दोन दिवसांनी रस्त्यात गाठून विचारलं, "जागा खिडकीजवळचीच ठेवायची ना?" मीटरवाले चकित झाले. आयुष्यभर न बसलेल्या बाईंनी बसायची जागासुद्धा निवडून ठेवली होती. "तुम्हाला बरं वाटेल तिथे," ते म्हणाले. बाईंनी डोळे पुसले. मीटरवाल्यांना वाटलं, अवघड समजत होतो, किती सहज झालं.

खुर्ची शनिवारी आली. सुताराने आणली नाही, हातगाडीवाल्याबरोबर पाठवली. लाकूड उत्तम, पाठ उत्तम, आणि उंची अशी की जणू वर बसून कोणी टेनिसचा निकाल देणार आहे. झालं असं होतं की मीटरवाल्यांनी वहिनींनी दिलेलं माप खुर्चीच्या उंचीसाठी बरोबर निम्मं केलं होतं, पण बायकांच्या कपड्यांत दुमडीसाठी कापड जास्त धरतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यावर सुताराने आपल्या मनाने आणखी वाढवलं होतं. त्याचा निरोप होता, लाकूड कापता येतं, जोडता येत नाही, म्हणून जास्त ठेवलंय. उद्या सकाळी येऊन बसवून बघतो. तो उद्या सकाळी येणार म्हणजे काय, हे मीटरवाले जाणून होते. त्यांनी खुर्ची चादरीत गुंडाळून चर्चच्या मागच्या खोलीत ठेवली. कुलूप बाईंनीच लावलं.

रविवारी चर्च भरलं होतं. मुलगी आली होती, बापाकडे जरा जास्तच प्रेमाने बघत होती. शिवणवाल्या वहिनी नवीन कपड्यांत पुढच्या रांगेत होत्या. खुर्ची चादरीखाली खिडकीजवळ, मीटरवाल्यांच्या बाकाला लागून उभी होती. बाई नेहमीप्रमाणे मागे दाराशी.

सुरुवातीलाच काहीतरी चुकलं. गाणाऱ्यांनी जे गीत धरलं ते कमिटीने सांगितलेलं नव्हतं. ते बायकोचं आवडतं गीत होतं. वरचा सूर लागायचा नाही तरी ती तो सोडायची नाही, आणि मीटरवाले पुस्तकात तोंड खुपसायचे. योगायोग असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. तेवढ्यात पाळकसाहेब पुढे आले. आज आपण जिला निरोप देतो आहोत तिच्यासाठी ही छोटीशी भेट, असं म्हणून त्यांनी चादर ओढली.

खुर्चीच्या पाठीवर पितळेची पाटी होती. पाटीवर मीटरवाल्यांच्या बायकोचं नाव होतं.

चिटणीस पुटपुटले, पाटी चुकली, पाटी चुकली. वहिनी रडायलाच लागल्या. पाळकसाहेबांच्या हातात किल्लीबाईंवरचं भाषण होतं, ते त्यांनी उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

मीटरवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि इतक्या दिवसांचं कोडं त्यांना उलगडलं. त्यांच्या बाकाच्या पाठीला पाटी होती. पुढच्या बाकाला होती. घड्याळाखाली होती, झाडू ठेवायच्या कपाटालासुद्धा होती. या चर्चमध्ये लाकडाची वस्तू आली ती गेलेल्या माणसाच्या आठवणीखातर, दुसऱ्या कारणाने कधी कोणी काही दिलंच नव्हतं. बायको जाऊन वर्ष होत आलेला माणूस येतो, खुर्ची द्यायची म्हणतो, कोणासाठी विचारलं तर आवंढा गिळून बाकाकडे बघतो. दुसरं कोणी काय समजणार? भाऊंना बोलायला जड जातंय, तर पाटी आपणच करून आणून लावावी, असं किल्लीबाईंना वाटलं. गाणाऱ्यांना गीतही त्यांनीच सांगितलं. आपल्या शेवटच्या रविवारी एक चांगलं काम हातून झालं, अशा समाधानाने त्या दाराशी उभ्या होत्या.

"किल्लीबाईंनी जरा पुढे यावं," पाळकसाहेब म्हणाले.

बाई लगबगीने आल्या. कमरेच्या किल्ल्या चाचपत त्यांनी विचारलं, "काय उघडायचंय?"

मग त्यांना सांगावं लागलं. पाळकसाहेबांनी थोडं सांगितलं, चिटणिसांनी थोडं. ऐकता ऐकता बाई एकेक पाऊल मागे सरकत होत्या.

"मी नाही बसणार," त्या म्हणाल्या. "पाटीवर नाव आहे तिचं. तिच्या खुर्चीवर मी कशी बसू?"

घड्याळ दिलं असतं तर बरं झालं असतं, असं चिटणिसांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मीटरवाले उठले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. लोकांच्या दारात उभं राहून "पाणीखातं" एवढंच ते आयुष्यभर बोलले होते.

"पाटी बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "खुर्ची तिचीच आहे. दर रविवारी आम्ही उशिरा यायचो, तुम्ही दार उघडायचात, आणि घरी जाताना ती म्हणायची, या बाईला एकदा खाली बसवायला पाहिजे. दर रविवारी. मी नुसतं हूं म्हणायचो. आता ती म्हणायला नाही, पण मला तर आजही त्याच रस्त्याने घरी जायचंय. बसा."

बाईंनी पाटीकडे पाहिलं. कमरेच्या किल्ल्या सोडल्या, कुठे ठेवाव्यात ते न कळून मीटरवाल्यांच्या हातात दिल्या. खुर्चीचे हात धरले, आणि टाचा उंचावून, जरा उडी मारल्यासारखं करून, बसल्या.

अख्खं चर्च बघत होतं. बाईंचे पाय जमिनीपासून चांगले वर लोंबत होते.

त्याच वेळी दारावर थाप पडली. बाई उठायला लागल्या. "बसा," मीटरवाले म्हणाले आणि स्वतः गेले. त्यांनी दार ढकललं. दार असं किंचाळलं की बाहेरून एक कुत्रं भुंकलं. सगळे वळून बघू लागले. दारात सुतार होता, खांद्याला पिशवी, पिशवीतून करवत बाहेर आलेली.

"उचलून घ्यायचं, भाऊ," पुढून बाईंचा आवाज आला. "उचलून, मग ढकलायचं."

सुताराला लाज नावाची गोष्ट नव्हती. तो सरळ खुर्चीपाशी गेला, गुडघ्यावर बसला, बसलेल्या बाईंकडे एकदाचं डोळे भरून पाहिलं. "आता उठू नका," तो म्हणाला आणि कानामागची पेन्सिल काढली. "हे आधी केलं असतं तर? पाय टेकेपर्यंत कापून देतो. किती कापू?"

बाईंनी खाली पाहिलं. लोंबणारे पाय जरा पुढे नेले, जरा मागे आणले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पाय टेकले की उठावंसं वाटतं."

पाळकसाहेबांनी गीत पहिल्यापासून धरायला सांगितलं. मीटरवाले दाराशीच थांबले. अजून कोणी यायचं असलं तर? तिथून सगळ्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या, आणि खिडकीजवळ ती उंच खुर्ची. वरचा सूर आला तेव्हा तो कोणालाच लागला नाही. बाईंचे पाय मात्र तालावर हलत होते. मीटरवाल्यांनी दाराची कडी हातात धरली, दार जरासं उचललं आणि हळूच लावून घेतलं. ते वाजलं नाही.